सदाफुलीची आठ पानं

अम्मी,

आज सकाळी मी पुन्हा तुझं औषध तयार केलं. लेबलवर चौक गावच्या एका बाईचं नाव होतं. मानेत गाठी, रात्रीचा घाम, अंगाला खाज, सगळं तुझ्यासारखं. फरक इतकाच की तिच्या सुनेनं तिला दुसऱ्या महिन्यात हाताला धरून आणलं. ती बरी होईल. या आजारातली माणसं वेळेत आली तर बहुतेक बरी होतात, हे आता मला माहीत आहे, आणि प्रत्येक वेळी ते नव्यानं माहीत होतं.

हायवेलगतच्या या हॉस्पिटलात तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. केमोची औषधं आम्ही तिथं मोजून, मिसळून वर पाठवतो. दोन-दोन हातमोजे, लांब बाह्यांचा गाऊन, समोर काचेचं कपाट, ज्यातली हवा बाहेर येत नाही. तुझ्या औषधाची बाटली फ्रिजमध्ये असते, करंगळीच्या पेराएवढी. आतलं पाणी स्वच्छ, रंग नाही, वास नाही. हे आपल्या दारातल्या सदाफुलीतून निघतं असं सांगितलं तर बघणाऱ्याला थट्टा वाटेल. मी ते सिरिंजमध्ये ओढते आणि वर एक पट्टी चिकटवते, फक्त शिरेतून द्यावे, अन्य मार्गाने दिल्यास प्राणघातक. ही पट्टी मी किती वर्षं चिकटवते आहे. पहिलं वर्षभर चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टी दोनदा वाचायचे.

पत्र लिहायला बसले म्हणून काही बिनसलंय असं समजू नकोस. तू असतीस तर म्हणाली असतीस, "टाइम जात नाय काय तुजा?" जात नाही, खरंच. गेल्या मंगळवारी दहिवलीत एक माणूस भेटलं, तेव्हापासून जात नाही. ते पुढे सांगते. आधी तो दिवस सांगते, तुझ्या बाजूनं तो तुला माहीतच आहे, माझ्या बाजूनं सांगते.

मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते. दुपारच्या गाडीनं कर्जतहून निघाले, गाडी पळसदरीला उगाच थांबून राहिली, खोपोलीला उतरून चालत फाट्यावरच्या आपल्या घरी येईपर्यंत पोटात कावळे ओरडत होते. तू स्वयंपाकघरात मशीनवर. उजेड तिथंच यायचा म्हणून मशीन चुलीच्या आणि खिडकीच्या मध्ये ठेवलेलं, आणि सबंध फाट्यावरच्या बायकांच्या ब्लाउजांना आपल्या सुकटीचा वास लागायचा, तरी त्या तुझ्याकडेच यायच्या. आपल्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते. त्या दिवशी तर वर्गात नवीन काही कळलेलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरला नसता.

"अम्मी, दारातली सदाफुली आहे ना, तिच्यातनं कॅन्सरचं औषध निघतं."

"चल. कायतरी सांगू नको."

"पुस्तकात आहे." मी तुझ्या मापाच्या वहीचा कोपरा ओढला आणि चित्र काढून दाखवलं. एक गोल म्हणजे पेशी. एकीच्या दोन व्हायच्या असतात तेव्हा तिच्या आत बारीक बारीक नळ्या जुळून धागे तयार होतात, आणि ते धागे आतलं सामान दोन्ही बाजूंना सारखं ओढून नेतात. कॅन्सरची पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहते, थांबायचं नाव घेत नाही. सदाफुलीतला कडू रस ते धागेच जुळू देत नाही. पेशी अर्ध्यात अडकते आणि मरते.

तू पायडलवरचा पाय उचललास. मशीन थांबलं. जरा वेळ चित्राकडे बघितलंस आणि म्हणालीस, "म्हंजे बॉबिन रिकामी. वरनं सुई कितीबी मारा, खालचा धागा नाय तर टाका पडल कुठचा?"

नंतर मी या विषयावरची किती व्याख्यानं ऐकली. परदेशात शिकून आलेल्या माणसांची ऐकली. एवढं सोपं कुणी सांगितलं नाही. नवीन मुली कामावर आल्या की मी त्यांना बॉबिनचंच उदाहरण देते. कुणाचं ते सांगत नाही.

मग तू विचारलंस, "कुठच्या कॅन्सरला लागतं ता?"

"रक्ताच्या. मानेतल्या, बगलेतल्या गाठी असतात, त्यांच्या."

तू ओढणी जरा वर घेतलीस. मी पाहिलं ते. पंख्याच्या वाऱ्यानं घसरली असेल असं वाटलं.

"पानात हाय की फुलात?"

"पानात."

"सफेद की गुलाबी?"

मी हसले. भाकरीचा तुकडा तोंडात होता. "कुठलीही घे. दोन्हीत असतं."

कुठलीही घे. अम्मी, हे मी म्हणाले. पोत्यांनी पानं लागतात तेव्हा कुठे चिमूटभर औषध हाती येतं, हे मी सांगितलं नाही. त्या पानात बाकी जे असतं ते लिव्हरचं, नसांचं काय करतं, ते सांगितलं नाही. हे तोंडानं घ्यायचं औषधच नाही, हे सांगितलं नाही. ते सगळं पुस्तकात पुढच्या पानावर होतं, आणि मला भूक लागली होती.

त्यानंतर दारातली सदाफुली उघडी पडायला लागली. खालून वर दांड्याच दांड्या, शेंड्याला चार फुलं. मी विचारलं तर तू म्हणालीस, "शेजारची शेळी येते, ती खाते." मी शेजारी जाऊन भांडून आले. रविवारी बाभळीच्या फांद्या आणून झाडाभोवती कुंपण केलं, हाताला काटे लागले ते तूच सुईनं काढलेस. आणि त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मी सुंदर अक्षरात लिहिलं होतं की चव अत्यंत कडू असल्याने जनावरे ही वनस्पती खात नाहीत. सरांनी त्या पानावर शाबासकीचा शेरा दिला. मी ते जर्नल आणून तुला दाखवलंही. तू शेऱ्यावरून बोट फिरवलंस आणि वर काय लिहिलंय ते विचारलं नाहीस.

ती मावशी तेव्हा आपल्याकडे यायची, पळसदरीच्या वरच्या ठाकरवाडीतली. आठवड्यातून एकदा गाडीनं टोपली घेऊन खाली उतरायची, पावसात भारंगी, कर्टुली, शेवळं, इतर वेळी आवळे नाहीतर डिंक. फाट्यावर विकायला बसण्याआधी आपल्या पायरीवर बसून चहा प्यायची. तुला भाबी म्हणायची, तू तिच्या नातीसाठी ब्लाउजांच्या चिंध्या जोडून झबली शिवायचीस. माझं कुंपण पाहून ती तोंडाला पदर लावून हसली होती.

"याला कुंपण कशापायी गं?"

"शेळी खाते, मावशी."

"शेळी? शेळी नाय तोंड लावत याला. कंचंच जनावर नाय लावत." आणि मग तिनं तुझ्याकडे नीट पाहिलं. "भाबी, तू लय सुकलीस. दाक्तरला दाव एकदा."

"गरमी हाय गं," तू म्हणालीस.

मी तिथंच दारात बसून चहा पीत होते. जी गोष्ट माझ्या जर्नलमध्ये लिहिलेली होती तीच ती बोलत होती, आणि मला वाटलं हिला काय कळतंय.

तू घरातसुद्धा ओढणी हनुवटीखाली पिन लावून घ्यायला लागलीस. मी चिडवलं, "अम्मी, हज करायच्या आधीच हाजीण झालीस काय?" तू हसलीस. कापायच्या पट्टीनं पाठ खाजवायचीस, दुपारी भात नको म्हणायचीस, रात्रीच्या घामानं उशीचा अभ्रा ओला व्हायचा तो पहाटे मी उठायच्या आधी धुऊन वाळत घालायचीस. याच दिवसांत माझा लॅबचा पांढरा एप्रन शिवलास. बाजारात तयार मिळत होता, पण तुला त्याची शिलाई पटली नाही. बाजूंना चार बोटं माया आत सोडलीस आणि म्हणालीस, "पुढं अंगानं भरलीस तर उसवून मोठा कर. फेकू नको." मी फेकला नाही. माझी मुलगी पोटात होती तेव्हा एकदा उसवला. आतला धागा अजून तुझाच आहे.

माझी परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू ओट्याजवळ पडलीस. अब्बांच्या टेंपोत पुढच्या सीटवर आपण तिघं, तू मध्ये. पिन तेव्हा मी काढली. मानेत एका बाजूला तीन गाठी होत्या, हाताला दगडासारख्या नाही, रबरासारख्या, जसं पुस्तकात लिहिलेलं असतं तशाच. अब्बांनी एकदाच पाहिलं आणि मग सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवली.

वॉर्डात दुपारी आपण दोघीच होतो. मी रागावले होते तुझ्यावर. किती दिवसांचं आहे हे, सांगितलं का नाहीस, मी फार्मसी शिकते ना, मला तरी सांगायचंस. माझा आवाज चढला तशी पलीकडच्या खाटेवरची बाई बघायला लागली. तू मला जवळ बसवलंस आणि हळूच म्हणालीस, "औशद घेत हुते ना. तूच सांगितलेलंस. रोज आठ पानं, उकळून. तू गाडीला गेलीस की घ्यायचे. कडू जहर लागायचं, पण घ्यायचे."

तुझ्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. मी वर्गात उत्तर बरोबर दिल्यावर जशी बघायचीस तशी बघत होतीस. "तुजी परीक्षा झाली की दाक्तरकडं जायचंच हुतं," म्हणालीस. "तोवर तुजं औशद चालू ठेवलं."

मी तुझ्या उशीचा अभ्रा नीट केला.

तेवढ्यात डॉक्टर आले, मागे अब्बा. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि विचारलं की काही झाडपाल्याचं औषध घेत होतात का, लिव्हर बरंच बिघडलंय. अब्बा म्हणाले, "नाय, नाय, आमच्या घरात तसलं कोण घेत नाय." तू म्हणालीस, "घेत हुते." अब्बांनी तुझ्याकडे पाहिलं. "कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं. तू माझा हात धरलेला होतास, तो सोडला नाहीस. "ती रानभाजीवाली येते ना, वाडीवरची," तू म्हणालीस. "तिनं सांगितलं."

डॉक्टरांनी मान हलवली. अब्बांनी मान हलवली. नर्ससुद्धा म्हणाली, ही लोकं काहीही सांगतात. कुणाला क्षणभरही शंका आली नाही. डोंगरावरची बाई म्हटलं की एवढं पुरतं, हे तुला ठाऊक होतं. मला माहीत आहे की तुझ्या मनात तिच्याबद्दल वाईट काही नव्हतं. हाताशी जे पहिलं सापडलं ते तू माझ्या अंगावर पांघरलंस.

औषध सुरू झालं तेव्हा तू खूश होतीस. आधी लाल रंगाचं लावलं, मग दुसरी छोटी सिरिंज आली. मी लेबल वाचलं आणि परत वाचलं. तू विचारलंस, "काय लिवलंय?" मी नाव सांगितलं. "सदाफुलीवालं?" मी हो म्हटलं. तू ते बिनरंगाचं पाणी नळीतून उतरताना टक लावून पाहिलंस. "बग," म्हणालीस, "खरंच हाय. तू खोटं नव्हतीस सांगत." पलीकडच्या बाईलाही सांगितलंस, आमच्या दारातलंच हाय, माझी पोरगी तेच शिकते. दुसरा डोस झाला आणि तिसऱ्यापर्यंत तू राहिली नाहीस. डॉक्टर अब्बांना बाहेर नेऊन म्हणाले की आणखी सहा-आठ महिने आधी आणायला हवं होतं, लिव्हरनं साथ दिली असती तर हा आजार बरा होणारा आहे. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

अब्बांनी सदाफुली मुळासकट उपटली. नंतरच्या पावसात मावशी आली. ती मधले काही महिने उतरली नव्हती, तिला काही माहीत नव्हतं. पायरीवर टोपली ठेवून तिनं हाक मारली, "भाबी, भारंगी आणलीय गं." अब्बा दारात गेले. मी आत खिडकीशी, तुझ्या मशीनजवळ उभी होते.

"ती गेली," अब्बा म्हणाले. "तुज्यामुळं गेली. परत इथं पाय ठेवू नको."

तिनं अब्बांच्या मागे घरात पाहिलं. मग म्हणाली, "मी काय केलं रं, भाऊ?" अब्बांनी दार लावलं. मी बाहेर गेले नाही. तिनं भारंगीची जुडी पायरीवर ठेवली आणि गेली. ती जुडी संध्याकाळपर्यंत तिथंच होती, मग मीच ती उचलून गटारात टाकली, कारण अब्बा नमाजावरून यायची वेळ झाली होती.

तुझ्या कबरीपर्यंत मी आलेली नाही, बायका येत नाहीत ते तुला ठाऊक आहे. अब्बा येऊन सांगतात. ते म्हणतात, कबरस्तानात सगळीकडे सदाफुली माजलीय, कुणी लावत नाही, आपोआप येते. तुझ्यावरही येते. ते दर शुक्रवारी उपटतात. आता त्यांना वाकवत नाही, तरी गुडघ्यावर बसून उपटतात, आणि घरी येऊन मावशीला शिव्या देतात. इतकी वर्षं झाली, शिव्या त्याच आहेत. मी फाट्यावर गेलेली असले की त्यांना पाणी देते आणि ऐकून घेते. एकदा ते म्हणाले, "तू तेव्हा शिकलेली असतीस पुरी, तर तिचं ऐकू दिलं नसतंस तू." मी म्हटलं, हो अब्बा.

गेल्या मंगळवारी कामावरून येताना दहिवलीत रस्त्याकडेला एक म्हातारी कर्टुली घेऊन बसलेली. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून हा माझा रोजचा रस्ता. वाकून भाव विचारला आणि तिनं वर पाहिलं.

"तू भाबीची पोर नाय?"

मी हो म्हटलं. पळायचं कसं ते सुचलं नाही म्हणून खाली बसले. तिच्या एका डोळ्यात फूल पडलंय, बोटं वाकडी झालीत. फाटा सोडून ती तेव्हापासून कर्जतच्या बाजारात बसते, दहिवलीला या पावसातच आली म्हणाली. तिकडे जायला नको वाटतं.

"तुजा बाबा अजून माज्यावर रागावलाय काय?"

"वय झालंय त्यांचं, मावशी."

"मला समाजलंच नाय गं, माजं काय चुकलं ता. लय इचार केला. कधी भाजीत काय गेलं काय, कडू-बिडू." ती कर्टुली निवडून माझ्या पिशवीत टाकत होती, हिरवीगार तेवढी, पिवळी बाजूला. "काय झालेलं भाबीला?"

"गाठी. मानेत."

"मी सांगितलेलं तिला, दाक्तरला दाव."

"हो," मी म्हटलं. "मला आठवतंय."

इतकं बोलून मी उठले, अम्मी. आणखी एक वाक्य होतं, ते जिभेवर आलेलं होतं. त्याऐवजी मी सगळी टोपली घेतली. घरी एवढी कर्टुली कोण खाणार, अर्धी शेजारी वाटली. ती म्हातारी गेली इतकी वर्षं स्वतःच्या भाजीत विष शोधत बसलीय, आणि मी तिच्याकडून भाजी घेऊन आले.

रविवारी फाट्यावर जाऊन अब्बांना सांगायचं असं मी ठरवलंय. असे रविवार मी आधीही ठरवलेत. सांगितलं तर ते माझ्याशी बोलणार नाहीत, किंवा बोलतील, ते मला जास्त कठीण जाईल. मग त्यांना सोबत घेऊन दहिवलीला तिच्यासमोर जायचं, हेही ठरवलंय. या वेळी जाईन असं वाटतं. वाटतं एवढंच लिहिते, तुला खोटं चालायचं नाही, म्हणजे माझ्यासाठी सोडून.

हे पत्र तुझ्या मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीखाली ठेवीन. मशीन मी इकडे आणलंय, चालवत नाही, महिन्यातून एकदा तेल घालते. आणि एक गोष्ट राहिली, ती इथं लिहिली नाही तर बाकीचं सगळं लिहिण्यात अर्थ नाही. त्या दिवशी वॉर्डात तू तिचं नाव पुढे केलंस तेव्हा मी खाली मान घालून बसले होते, आणि सगळ्यांना वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते, अम्मी. मला हायसं वाटलं होतं. मी मान वर केली, तर तू माझ्याकडेच बघत होतीस, आणि तुला ते कळलेलं होतं, आणि तू माझा हात आणखी घट्ट धरलास.